कुणी आग्रह करत नाही

मला बोलता येत नाही, असं आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. उलट घरात, शाळेत, वादविवाद स्पर्धेत, सगळीकडे मला गप्प बसवायलाच माणसं लागायची. त्यामुळे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात एका सत्रासाठी गेले आणि निम्मं सत्र सरल्यावर शिक्षिकेने बाजूला घेऊन सांगितलं की तू वर्गात बोलत नाहीस, असंच चाललं तर नापास होशील, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला.

विषय सार्वजनिक आरोग्याचा. व्याख्यानं फारशी नसायचीच. आम्ही दहा-बाराजण एका टेबलाभोवती बसायचो, समोर एक प्रसंग ठेवलेला असायचा आणि त्यावर आपणच चर्चा करायची. शिक्षिका कोपऱ्यात बसून ऐकायची. मी सगळं वाचून, समासात पेन्सिलीच्या खुणा करून जायचे आणि वाट बघत बसायचे, की कधीतरी ती माझ्याकडे वळून विचारेल, तुला काय वाटतं? पुण्यात तसंच होतं. बाई विचारतात, आपण जरा आढेवेढे घेतो, त्या पुन्हा विचारतात, मग आपण उभं राहून बोलतो. इथे माझ्या शेजारचा डच मुलगा लेखाचं शीर्षक तेवढं वाचून यायचा आणि बिनधास्त बोलत सुटायचा. मी गप्प बसून त्याच्या चुका काढायचे. मनातल्या मनात मला पैकीच्या पैकी गुण होते.

नापास होऊन चालणार नव्हतं. तिथे पास झालीस तरच हे सत्र धरू, नाहीतर वर्ष पुन्हा, असं पुण्याच्या कॉलेजने बजावलं होतं. आणि मला पाठवायला घरात सगळ्यांचा विरोध असताना आई एकटी माझ्या बाजूने उभी राहिली होती. मी वर्ष घालवून परतले असते, तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

त्या शनिवारी मी बेस्ट नावाच्या गावी ताईकडे गेले. ताई म्हणजे आईच्या मैत्रिणीची थोरली मुलगी. आइंडहोवनला लागून असलेल्या या गावात ती बरीच वर्षं राहते, इंजिनिअर आहे. मी तावातावाने सांगत होते, शिक्षिकेला माणसाची पारख कशी नाही वगैरे, आणि ती ऐकत ऐकत थालीपीठं लावत होती. अजून एक लावू का, तिने विचारलं. मी नको म्हटलं. तिने गॅस बंद केला, तवा उतरवला आणि उरलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवून दिला.

मी बघतच राहिले. माझं नको हे काय खरं नको होतं?

"भूक आहे ना अजून?" ताई समोर येऊन बसली.

"आहे."

"मग वर्गात हेच चाललंय तुझं. तू आग्रहाची वाट बघतेयस. इथे कुणी आग्रह करत नाही गं. नको म्हटलंस की नको, गप्प बसलीस की तुला काही म्हणायचं नाहीये, असंच धरतात. अपमान म्हणून नाही, तुझ्या शब्दाला मान म्हणून. मला हे कळेपर्यंत ऑफिसात एक प्रमोशन हातचं गेलं."

तो गोळा तिने शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. मी ब्रेड खाल्ला, आणि परतीच्या गाडीत ठरवलं, आता बोलायचंच.

पुढच्याच आठवड्यात चर्चा चालवायची पाळी माझी होती. मी ढीगभर स्लाइड्स केल्या आणि वेळ संपेपर्यंत एकटीच बोलले. शेवटी समोरची मुलगी शांतपणे म्हणाली की छान सांगितलंस, पण आम्ही कधी बोलायचं? शरमेने कान तापले. पण रुसून बसायची चैन मला परवडणार नव्हती. मग मी सायकलवरून येता-जाता वाऱ्यात मोठमोठ्याने सराव केला, 'मला एक मुद्दा मांडायचाय.' वर्गात कुणीतरी मला मधेच तोडायचं, मी पुन्हा सुरू करायचे. हळूहळू जमायला लागलं.

शेवटच्या आठवड्यात प्रसंग होता, स्थलांतरित घरांतल्या बायका डॉक्टरकडे उशिरा का जातात. चर्चा झटकन एका जागी आली: त्यांच्याकडे घरातले वडीलधारे ठरवतात. कुणीतरी ते फळ्यावर लिहिलं, शिक्षिकेनेही मान डोलावली.

"मला हे पटत नाही," मी म्हणाले. शिक्षिकेसमोर असं वाक्य जन्मात पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं.

कुणी दचकलं नाही. शिक्षिका फक्त म्हणाली, "का?"

मग मी सांगितलं. त्या थंडीत मला पाळीचा फार त्रास होत होता. इथे हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, थेट जाऊन बसता येत नाही. आधी फोन करायचा, आणि मदतनीस फोनवरच विचारते, काय होतंय, कधीपासून, किती. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन उभी राहिले, आजूबाजूला मुलं पास्ता उकडत होती, आणि फोन ठेवून दिला. दुखणं अंगावर काढलं. मला अडवायला माझ्या घरचं एकही माणूस इथे नव्हतं. समोर बसवून कुणीतरी दोनदा विचारावं, एवढंच मला हवं होतं.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. फळ्यावरचं वाक्य पुसलं गेलं. मी पास झाले. पहिली-बिहिली नाही, साधी पास. आईला फोन केला तेव्हा ती नुसती रडली.

निघण्याआधी ताईकडे जेवायला गेले. तिने मुद्दाम थालीपीठंच केली होती.

"अजून एक वाढू?"

"वाढ," मी ताबडतोब म्हटलं.

तिचा हात तव्यावरच थांबला. "अगं, एकदा तरी नको म्हण की," ती म्हणाली. "माझी लेकसुद्धा हवं तर हो म्हणते, नको तर उठून जाते. आग्रह करून वाढायला मला इथे माणूसच मिळत नाही." ती हसत होती, पण डोळे भरून आले होते.

मी ताटावर हात आडवा धरला. "नको गं ताई, खरंच नको, पोट भरलंय."

तिने माझा हात बाजूला केला आणि दोन वाढली.