उतार पाहिजे, उतारा नाही

पायरीशी इतके प्रामाणिक वैर धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुकुंदवाडीत आमच्या समोर राहणाऱ्या चाचांचे दोन्ही पाय पोलिओने लहानपणीच निकामी झाले होते. हाताने पेडल फिरवायच्या तीनचाकीवरून ते शहरभर हिंडत, आणि वाटेत पायरी दिसली की लग्नात मानपान बिघडवणाऱ्या नातेवाइकाकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहत. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली. तारा खराब असल्या तरी आवाज पोहोचवण्याची तेव्हा लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. ते मला काही खासगी सांगू लागले की मी संकोचाने उठून खिडकी लावून घेत असे.

शहर तेव्हा शेंद्र्याच्या कारखान्यांच्या बाजूने भराभर वाढत होते आणि पाणी त्याच वेगाने आटत होते. नव्या पदपथांवर सिमेंटचे गट्टू बसले, आणि गट्टूंवर लगेच टँकरच्या पाण्याची पिंपे बसली. चाचांना भर रस्त्यातून, ट्रकच्या सोबतीने जावे लागे. चाकांसाठी कुठे उतार बांधलेला दिसला की ते खिशातून काचेची गोटी काढून त्यावर सोडत. संथ घरंगळली तर म्हणत, "शरीफ उतार हाय." एका दवाखान्याच्या उतारावरून ती अशी सुटली की रस्ता ओलांडून थेट रसवंतीत शिरली. "इथला पेशंट खाली आला की सीधा दुसऱ्या दवाखान्यात," चाचा म्हणाले. अशा हरवलेल्या गोट्यांची भरपाई ते कोपऱ्यावरच्या दुकानातून करीत. ते गोट्या खेळतात अशी दुकानदाराची समजूत होती, आणि "जिंकताय ना, चाचा?" असे तो आदराने विचारीत असे.

स्वतःला उचलू देणे मात्र त्यांना मंजूर नव्हते. मला म्हणत, "चौघांनी उचलायचं ते एकदाच, सर. आत्तापासून सवय नाय लावायची."

या तत्त्वापायीच निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी त्यांची पेन्शन थांबली. आपण जिवंत आहोत हे कचेरीत समक्ष दाखवायचे होते, कचेरी उंच जोत्यावर होती, आणि साहेब पायऱ्या उतरत नसत. शिपाई उचलायला धावले, त्यांना चाचांनी हाकलले आणि खालूनच आवाज दिला, "साहेब, उतार पाहिजे!"

आतून उत्तर आले, "उतारा तलाठ्याकडं मिळतो!"

"उतारा नाय हो, उतार!"

"सातबारा का आठ अ?"

"शेत नाय मला! तीन चाकं हायेत!"

रांगेतल्या एका शेतकऱ्याला त्यांची दया आली. "चाचा, गंगापूरला जा. तिथं लगेच देतेत."

त्यानंतर कागदोपत्री ते हयात नव्हते. त्या काळात ते एरवीपेक्षा जास्त बोलत. रोज सकाळी पायऱ्यांखाली जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. घर चाचीच्या शिलाई मशीनवर चालले होते. शेवटी साहेबांना टेलिफोनवर स्वतःचेच बोलणे ऐकू येईना, तेव्हा उतार मंजूर झाला.

गवंडी सिमेंट ओतून गेला तो गेलाच. कोवळ्या सिमेंटला रोज पाणी मारले नाही तर ते तडकते, आणि आमच्या नळाला आठवड्याने पाणी येई. चाचांनी आपल्या आंघोळीचे पाणी कॅनमध्ये भरले आणि तीनचाकीला बांधले.

चाची दारात उभी राहिली. "घरात चहाला पाणी नाय आन् हे सरकारी पायरीला पाजायला निघाले! तिच्याशीच निकाह लावा!"

"पायरी नाय, बेगम. उतार."

"आन् आंघोळ?"

"नाय केली तर मरत नाय. तसा बी कागदावर मेलेलाच हाय."

अर्धा कॅन मीही, घरी न सांगता, नेऊन दिला. उतार तडकला नाही. गोटी संथ घरंगळली, आणि चाचा आपल्या हातांनी चाके रेटीत साहेबांच्या टेबलापर्यंत जाऊन हयात झाले. कारकून म्हणाला, "पुढच्या साली यायची गरज नाय, चाचा. आता हे मोबाइलवर व्हतं."

"मला गरज नसंल, उताराला हाय. कुणी फिरकलं नाय तर स्कूटरी लावाल त्याच्यावर."

त्याप्रमाणे ते दर वर्षी, काही काम नसताना, जाऊन येत.

चाची गेल्यावर गंगापूरला दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. जीपची पायरी उंच होती. ड्रायव्हर आणि तीन उतारू पुढे सरसावले, "धरा रे चाचाला!" चाचांनी हात वर केला. "चौघं नकोत. सर, तुम्ही एकटे या."

मी घरातला गॅसचा सिलिंडरही कधी उचललेला नाही. पण वाकलो, आणि ते सहज उचलले गेले. सगळ्या गल्लीला पुरून उरणारा तो आवाज एवढ्याशा वजनात कसा राहत होता, हे मला अजून उमगलेले नाही. त्यांनी माझ्या मानेभोवती हात टाकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "पायरी बघून, सर."