सोबतीचं पाणी

हिरामण राऊतांना कारंजं घासताना पाहिलं की उमेळे गावातल्या त्या सोसायटीत नव्याने आलेल्यांना वाटायचं, हा पगारी माळी असणार. वाटणारच म्हणा. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातात घासणी, खिशात तोट्यांची भोकं मोकळी करायला दाभण. खरं तर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता, आणि त्याआधी ही अख्खी जमीन त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, मोगरा, आणि मधोमध बावखल, म्हणजे सगळ्या वाडीला पाणी पाजणारं तळं. बिल्डरने ते बुजवलं. पण भरावाची जमीन बिल्डिंगचा भार पेलेना, म्हणून तिथे बाग केली आणि बागेत हे कारंजं बसवलं. "पाण्याने जागा सोडली नाही," हिरामण कौतुकाने सांगायचे.

टँकरच्या पाण्याने पितळी तोट्यांवर पांढरा थर धरायचा, तो ते चिंचेने घासून काढत. इथवर ठीक. पण त्यांचा एक हट्ट होता. वैशाखात बावखलातला गाळ काढायचे, तेव्हा त्यांचे वडील कळशीभर जुनं पाणी, बारीक माशांसकट, बाजूला ठेवत आणि नवं पाणी झिरपू लागलं की त्यात ओतत. नव्या पाण्याला सोबत लागते, म्हणायचे. हिरामणही कारंजं धुताना एक बादली राखून ठेवत आणि मासे, शेवाळ, सगळं लाडाने परत सोडत. मासेही कुठले, तर गावात उरलेल्या एका बावखलातून मुद्दाम आणलेले.

त्यांची बायको यशोदाकाकू मात्र कारंज्याकडे फिरकत नसत. ज्या बावखलाच्या पायरीवर बसून त्यांनी भाज्या धुतल्या, नवी नवरी असताना माहेरच्या आठवणीने रडूनही घेतलं, त्यात डंपर रिकामे होताना त्यांनी पाहिले होते. "त्या खेळण्यात माझं काही नाही," म्हणत त्यांनी बागेकडची खिडकी जी लावली ती लावलीच.

यंदा कारंजं सारखं अडायला लागलं. मोटर घुं घुं करायची आणि गप्प व्हायची. साचलेल्या पाण्यावर डास. सेक्रेटरी परेश माणूस वाईट नव्हता, पण लोक त्याचं डोकं खात होते. एक दिवस तो म्हणाला, "काका, महिनाभर नीट चाललं तर ठीक. नाहीतर माती टाकून वर लॉन करू, कमिटीचं ठरलंय."

माती टाकून. त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा माती पडताना बघायची हिरामणांची छाती नव्हती.

त्यांनी मोटर उघडली. जाळीत शेवाळाचा बोळा होता, आणि बोळ्यात मेलेले मासे. आपल्याच हाताने सोडलेले. त्यांनी ते एकेक करून वेचून काढले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा काकू लसूण सोलत होत्या. "अहो, बावखलाला कुठे मोटर होती? ते बिचारं एका जागी निवांत बसायचं. याला दिवसभर नाचवायचं आणि वर पोटात मासे घालायचे, कसं व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी हिरामणांनी कारंजं तळापर्यंत रिकामं केलं. घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं. जिवंत मासे आणि जुनं पाणी बादलीतून घरी आणलं खरं, पण ठेवायचं कुठे? काकूंनी लोणच्याची मोठी बरणी माळ्यावरून काढली, धुतली आणि बाल्कनीत ठेवली.

संध्याकाळी कारंजं भरलं. परेश बटणाशी उभा होता. सगळं लखलखीत होतं, तरी हिरामणांना पोरकं वाटत होतं. बादली नाही, मासे नाहीत, आता या पाण्यात आपलं काय उरलं?

"थांब रे जरा." मागून काकू आल्या, हातात तांब्या घेऊन. "बरणीतलंच आहे. जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळलंय, मोटरला काही होणार नाही." त्यांनी तांब्या कारंज्यात ओतला आणि कठड्यावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. कितीतरी वर्षांनी त्या या पाण्याशी बसल्या होत्या. हिरामण उगाच तोट्या तपासत राहिले.

महिना उलटला तरी कारंजं एकदाही अडलं नाही. परेशने मातीचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या वेळी कारंजं धुऊन झालं तसं हिरामणांनी वर पाहिलं. बागेकडची खिडकी उघडी होती आणि काकू तिथे उभ्या राहून लुगड्याचं फडकं पिळत होत्या.