श्रावणात लिहिलेला एक खोटा अभिप्राय

हडपसरला आमच्या आयटी पार्कच्या मागच्या फाटकाबाहेर एक सँडविचचं दुकान होतं. ते मी बंद पाडलं. बायकोलाही मी हे अर्धंच सांगितलं आहे. मुळात माझा स्वभाव बोलण्याचा नाही. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी तासभर गप्प बसू शकतो आणि त्याबद्दल मला समंजस म्हणतात. आता पन्नाशीला टेकलो आहे, तेव्हा एकदा सगळं लिहून टाकतो.

दुकानाचा मालक तिथल्याच गावातला, शेतकरी घरातला. वावर पार्कात गेलं, उरलेल्या तुकड्यावर घर आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. मधली काही वर्षं तो जहाजावर स्वयंपाकी होता. कुठल्याशा ग्रीक बंदरात उभ्या सळईवर कोंबडी फिरवत भाजायची, तिचे पातळ काप काढायचे आणि दही-काकडी घालून रोटीत गुंडाळायचे, हे तो शिकून आला. पाटीवर त्यानं लिहिलं होतं ‘गायरो’. कुणी विचारलं, हे काय असतं, तर म्हणायचा, “आधी खा, मग इचारा.” शाकाहारी मंडळींसाठी पनीरचा गायरो आणि हिरव्या चटणीचं बीट-बटाट्याचं सँडविच असे. ते त्याची बायको करायची. आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं त्या सँडविचसाठी जायची. चांगलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी याच्या उलट बरंच लिहिलं.

दुकानाची खरी गंमत मात्र दाराशेजारच्या फळ्यावर होती. वर लिहिलेलं, ‘अभिप्राय लिहावा. उत्तर मिळेल.’ गिऱ्हाइकानं चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. मालक ती फळ्यावर चिकटवायचा आणि खाली लाल पेनानं उत्तर लिहायचा. बोलताना तो गावाकडचं बोलायचा, पण लिहिताना थेट पेठेतला व्हायचा. ‘फार वेळ लागतो.’ खाली लाल अक्षरात, ‘घाई असलेल्यांनी काल यावे.’ ‘चटणी तिखट नाही.’ ‘मिरचीला समज दिली आहे.’ लोक टोमणा मिळावा म्हणून तक्रारी लिहायचे आणि उत्तर मिळालं की फळ्यापाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. मी यवतमाळकडचा. आपला अपमान झाला म्हणून खूश व्हायचं असतं, हे समजायला मला पुण्यात काही वर्षं लागली. समजल्यावर मी इतरांपेक्षा जरा मोठ्यानं हसू लागलो. बाहेरून आलेला माणूस हसतो तसं.

त्या उन्हाळ्यात वडील गुडघे दाखवायला पुण्यात आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. एका शनिवारी मी त्यांना दुकानात नेलं. तिथं फक्त उंच स्टुलं होती, त्यावर ते कसेबसे टेकले, पण सँडविच मन लावून खाल्लं. मग फळा वाचला आणि कागद मागितला.

“बाबा, राहू द्या न,” मी म्हटलं.

“राहू काऊन द्या? लिहा म्हणून त्यांनीच लिहिलं आहे न वर.”

त्यांनी लिहिलं: ‘पदार्थ रुचकर व स्वच्छ. वाढणाऱ्या ताईंची वागणूक उत्तम. वयस्क ग्राहकांकरिता पाठ टेकता येईल अशी एखादी खुर्ची ठेवल्यास उपकार होतील. एक सेवानिवृत्त शिक्षक.’ शेवटचा पूर्णविराम देऊन त्यांनी चिठ्ठीची दोनदा घडी घातली. मालक त्या दिवशी नव्हता. चिठ्ठी कुणाची, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी खाली लाल अक्षरं होती: ‘गुरुजी, पाठ टेकायला घरी पलंग असतो. तुमचे झाले, आता दुसऱ्यांना बसू द्या. हस्ताक्षराला दहापैकी दहा.’

आमच्या टीम लीडनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणी लिहिलं, ‘मास्तरला कोपऱ्यात उभं केलं.’ कुणी लिहिलं, ‘अंगठे धरा गुरुजी.’ टीम लीडनं तोंडी विचारलं, “कोण असेल रे हा मास्तर?” मी म्हटलं, “असेल कोणीतरी.” आणि मी हसलो. नुसता गालात नाही, चांगला दात दाखवून हसलो. ग्रुपवर दोन हसरे चेहरेही टाकले.

संध्याकाळी घरी वडिलांनी विचारलं, “काय उत्तर दिलं रे त्यांनी?”

“अजून लावली नाही चिठ्ठी.”

गावी गेल्यावरही फोनवर त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

तेव्हा फोनवरून हॉटेलांना तारे द्यायची सोय नवीनच आली होती. मी धंद्यानं टेस्टर. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट कुठे आहे ते शोधायचं आणि नेमक्या शब्दांत लिहायचं, याचाच मला पगार मिळत होता. मी पहिलं खोटं खातं उघडलं ते धायरीच्या एका कॉलेजकुमाराचं. मग कात्रजची एक आई, जिच्या मुलाचं सँडविच खाऊन पोट बिघडलं. मग एक निवृत्त अधिकारी. प्रत्येकाची भाषा वेगळी. कॉलेजकुमार अर्धं इंग्रजी लिहायचा आणि ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावायचा. आई प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं द्यायची. अधिकारी परिच्छेदांना आकडे घालायचा. जेवणाच्या सुट्टीत मी यांना एकेक करून बोलतं करायचो. घरात आणि ऑफिसात तोंड न उघडणाऱ्या मला त्या दिवसांत शब्द कमी पडत नव्हते. इतकं मजेत मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

मालकानं तिथंही फळ्यावरच्यासारखीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. मला हेच हवं होतं. कात्रजच्या आईला त्यानं लिहिलं, ‘ताई, मुलगा आणखी कुठे काय खातो ते आधी विचारा.’ फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात गरम सँडविच असायचं, म्हणून तो हसायचा. घरी बसून फोन बघणाऱ्याला नुसताच माज दिसायचा. ज्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती ती माणसंही त्याला शिव्या घालू लागली. मी रोज दुपारी दुकानात जाऊन, सँडविच खात, त्याचा चेहरा बघायचो. त्यात मला कसलीही लाज वाटत नव्हती. पलंगावरून बोलतोस काय, बघतोच, एवढंच डोक्यात असायचं.

पण दुकान काही पडेना. तारे कमी झाले, गर्दी राहिली. मग श्रावण आला.

श्रावणात आमच्या पार्कातली निम्मीअधिक मंडळी मांसाहार बंद करतात. या दुकानाची सळईही महिनाभर अर्धा वेळच फिरायची आणि त्याच्या बायकोच्या बाजूला रांग लागायची. श्रावण लागून दोन-तीन दिवस झाले असतील. मी एक नवी बाई तयार केली. सोमवार करणारी, घरात कांदा-लसूणही न चालणारी. तिच्याकडून लिहिलं, की ज्या सुरीनं कोंबडी कापली, त्याच सुरीनं माझ्यासमोर पनीर कापलं. विचारलं तर मालक म्हणाला, धुतली आहे. तिनं शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त लिहिलं, ‘माझा श्रावण मोडला. कोणाला सांगू?’

सुऱ्या दोन होत्या. मला माहीत होतं. पनीरच्या सुरीच्या मुठीला त्या बाईंनी हिरवा दोरा गुंडाळलेला होता, फळीही वेगळी, ओटाही वेगळा. हे मी दोनेक वर्षं रोज बघत होतो, म्हणून तर कुठे घाव घालायचा ते मला नेमकं कळलं.

आठ दिवसांत रांग गेली. सोसायट्यांच्या ग्रुपवर तो अभिप्राय फिरला, आमच्या ऑफिसातही आला. टीम लीड म्हणाला, “श्शी! आणि आपण तिथं खात होतो!” मी मान डोलावली.

एका दुपारी दुकानात मी एकटाच होतो. मालकानं फोन माझ्यापुढे धरला.

“तुमी कंप्युटरवाले. हे काढता येतं का हो?”

“नाही येत,” मी म्हटलं. माझ्या खिशातल्या फोनवरून मी ते जाग्यावर काढू शकत होतो.

“मंग उत्तर तरी लिवून द्या. मला जमंना आता. मी लिवलं की लोक आणखी पेटत्यात.”

त्यानं सांगितलं, मी लिहिलं. सुऱ्या दोन आहेत, शाकाहारी सगळं घरातली बाई करते, कोणीही कधीही आत येऊन बघावं, मनाला लागलं असेल तर हात जोडतो. मी एक शब्द बदलला नाही. त्याची बायको हिरव्या दोऱ्याची सुरी घेऊन आतून आली आणि म्हणाली, “हिचा फोटू टाका. का दारोदार जाऊन दाखवू आता?” फोटोही मीच काढला.

घरी येऊन निवृत्त अधिकाऱ्याच्या नावानं मी खाली लिहिलं, ‘एवढी नम्रता? फळ्यावरचा तोरा कुठे गेला? चोर सापडला की असाच मऊ होतो.’ त्याला भराभर पसंतीचे अंगठे आले. दोन वर्षं टोमणे मारलेल्या माणसाचं एक सरळ उत्तर कोणालाही खरं वाटलं नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दिवाळीच्या आधी दुकान बंद झालं. मी शेवटपर्यंत जात होतो.

तीनेक वर्षं गेली. ऑफिसच्या कॅबचा कंत्राटदार बदलला आणि एका सकाळी गाडीचं दार उघडलं, तर स्टिअरिंगवर तो. मला बघून हसला. गाडीतल्या बाकीच्यांना म्हणाला, “हे सायेब आमचं शेवटचं गिऱ्हाईक. सगळ्यांनी सोडलं, यांनी न्हाई सोडलं.” मग रोज सकाळी तो मला पुढच्या सीटवर बसवू लागला. “घरी या एकदा. ही अजून करती सँडविच.” त्यानं मला कधी टोमणा मारला असता, तर मी आजही गप्प राहिलो असतो. पण त्या कौतुकानं माझा जीव नकोसा केला.

एका रविवारी गेलो आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. चिठ्ठी, लाल पेन, कात्रजची आई, श्रावणातली बाई, अधिकारी. मालक ऐकत होता. मध्येच एकदा म्हणाला, “ते गुरुजी तुमचं वडील व्हय?” मग उठला, फडकं घेतलं आणि अंगणात जाऊन गाडी पुसत बसला. पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा पुसत होता.

त्याची बायको म्हणाली, “वडील हायेत अजून?”

“आहेत.”

“मंग लावा फोन. माझ्यासमोर सांगा त्यांना.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. “लावा,” ती म्हणाली. मी फोन लावला, स्पीकर तिनंच चालू केला. वडिलांना मी सांगितलं, की तुमच्या चिठ्ठीला वाईट उत्तर आलं होतं, मला राग आला, म्हणून मी असं असं केलं. त्यांनी एवढंच विचारलं.

“सुऱ्या दोन होत्या?”

“हो.”

“तुले माहीत होतं?”

“हो, बाबा.”

“ताई आहेत का तिथं? दे त्यांना.”

तिनं स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन आत गेली. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते, आवाज मात्र कोरडा.

“माफी मागत होते. एवढं वय त्यांचं. तुमच्यापायी माझी माफी मागत होते.” फोन माझ्या हातात ठेवला. “या आता तुमी.”

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या मार्गावर नव्हता. त्यानं दुसरी गाडी मागून घेतली असं कळलं. सगळे खोटे अभिप्राय मी काढून टाकले आणि माझ्या खऱ्या नावानं एक लिहिला. दुकानाच्या नावाखाली ‘कायमचे बंद’ अशी ओळ आहे, त्यामुळे तो कोणी वाचत असेल असं वाटत नाही.

वडिलांनी नंतर तो विषय काढला नाही. पण माझी आई वारल्यावर जमलेल्या नातेवाइकांत कोणाला तरी सांगताना मी त्यांना ऐकलं, “पोरगा रागीट आहे. बापाचा अपमान नाही सहन झाला त्याले.” त्यात तक्रार होती, आणि लपवलेला थोडासा अभिमानही होता. मी बाजूला पत्रावळी मोजत उभा होतो. मोजत राहिलो.

वडील आता नव्वदीच्या घरात आहेत. भिंग धरून का होईना, हा दिवाळी अंक ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. तेव्हा बाबा, फोनवर सांगायचं राहिलं ते असं: तुमची चिठ्ठी फळ्यावर लागली, त्याच दिवशी मी ती वाचली होती. सगळे हसत होते आणि मीही हसलो. कोण मास्तर, असं विचारलं तेव्हा मी ‘असेल कोणीतरी’ म्हणालो. त्या माणसाचा सूड मी घेतला तो तुमच्यासाठी नव्हता.