ओठांवरचा गोल वळ

भूत, करणी, भानामती... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. माझा विश्वास एकाच गोष्टीवर — नवरा खोटं बोलतोय! म्हणून हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आम्ही सालवडला राहतो. मी मूळची कराडची, वडील बोईसरला कारखान्यात लागले म्हणून इकडची झाले. हे नवापूरचे. नोकरी कारखान्यात, पण जीव गावच्या बँडमध्ये. हळद असो की वरात, पहिलं ट्रंपेट ह्यांचंच.

गेल्या वर्षी ह्यांना काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर तोवर गेलीच होती. पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वाजवणं बंद. फुंकताना डोळ्यातलं प्रेशर वाढतं, उरलीसुरली नजरही जाईल. मी लगेच ट्रंपेट विकायला लावलं. ओठांना लावायचा माउथपीस तेवढा ह्यांनी आठवण म्हणून मागून घेतला, तो मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

आणि तरी एका रविवारी हे बाजारातून आले, तर ओठांवर गोल वळ!

हा वळ मी लग्न झाल्यापासून बघतेय. वाजवायच्या आधी ह्यांचं ओठ बसवणं चालायचं... जिभेने ओले करायचे, 'म' म्हणताना मिटतात तसे मिटायचे, दोन्ही कोपरे घट्ट आवळायचे, हनुवटी खाली ताणायची. गाल फुगवले की ह्यांच्या मते तो वाजवणारा कच्चा. मग माउथपीस टेकवायचा, तोही मधोमध नाही, जरा डावीकडे, कारण समोरचा एक दात तिरका आहे. त्यामुळे वळही डावीकडेच उठतो.

"वाजवून आलात ना?" मी विचारलं.

"नाय गं. भाजी आनायला गेलतो. ही बघ भेंडी."

"भेंडीने वळ उठतो का?"

हे आरशात बघून दचकले. मी म्हटलं, नाटकं! चोर तो चोर, वर शिरजोर.

डबा उपसला, तर माउथपीस जागेवर. म्हणजे बँडमधल्या कुणाचा तरी मागून घेत असणार. वळ येतच राहिले, आणि तेही नेमके बँडला सुपारी असेल त्याच दिवशी. मग तर माझी खात्रीच पटली. बँड चालवणाऱ्या पांडूदादांना फोन करून मी चांगलं फैलावर घेतलं.

"वैनी, देवाशप्पत, तो आमच्याकडं येत नाय," ते म्हणाले. "त्याचा डोला जाईल, येवढं आमाला कलत नाय काय?"

सगळे एकाच माळेचे मणी, मी मनात म्हटलं.

शेवटी मीच सापळा लावला. शिरगावला दुपारची हळद होती. ह्यांना घरात बसवलं, दाराला आतून कडी घातली, माउथपीस मुठीत धरला आणि समोर खुर्ची टाकून बसले. हे लसूण सोलत होते. पांडूदादांचा फोन माझ्या कानाला. "लावतो आता, वैनी," ते म्हणाले, आणि तिकडे बँड सुरू झाला.

हे मला म्हणत होते, "तुझा माझ्यावर येवढा पन भरोसा..." आणि मध्येच थांबले. ओठ मिटले. कोपरे आवळले. हनुवटी ताणली. आणि भर उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत, ओठांवर डावीकडे गोल खळगा उमटला... दाबत दाबत आत गेला, त्याची कड पांढरी पडली. ह्यांच्या तोंडासमोर काही म्हणजे काही नव्हतं! मानेच्या शिरा टरारल्या, डोळे लाल झाले. फोन खांद्याने कानाशी दाबून मी धावत जाऊन त्या ओठांवर हात ठेवला. तळहाताला गार लागलं — धातू लागतो तसं गार. माउथपीस माझ्या दुसऱ्या मुठीत होता, घामाने कोमट झालेला.

फोनमधलं गाणं थांबलं, तेव्हा ओठ सुटले. "बघितलंस?" एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडले.

पुढच्या तपासणीत प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टर चिडले. "वाजवणं चालूच आहे ना?"

"नाही हो डॉक्टर. मी समोर बसून पाहिलंय, हे वाजवत नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी ह्यांच्याकडे बघायचे ना, अगदी तसंच.

औषधाचे थेंब वाढवलेत. पांडूदादा म्हणाले, "वैनी, बँड बंद ठेवू काय?" पण बाकीच्यांची पोटं त्यावर आहेत, मी कुठल्या तोंडाने हो म्हणू? तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होतील. कुणी असलं काही पाहिलं-ऐकलं असेल तर कृपा करून सांगा, मला तरी याचा उलगडा झालेला नाही. ह्यांच्यावर संशय होता, तोवर भांडायला समोर माणूस तरी होता... आता मी अडवू कुणाला?