भाड्याच्या गाडीला पाडलेली भोकं

"भोकं तुम्ही पाडलीत. मी नाही, आईंनी नाही. तुम्ही!"

"पाडली गं बाई! मग आता काय, जिभेनं बुजवू?"

"जिभेनंच बुजवायची होती. निदान त्या माणसासमोर भुसा तरी गळला नसता."

आतल्या खोलीतून आईचा खोकला आला. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं.

अख्खी गल्ली त्याला 'रंधा' म्हणायची. सुतार होता म्हणून, आणि समोरच्याचं बोलणं कधी अडवायचं नाही, सगळं गुळगुळीत करत जायचं, ही सवय होती म्हणूनही. गिऱ्हाईक म्हणालं उद्या, की उद्या. घरमालक म्हणाला भिंतीला खिळा ठोकायचा नाही, की नाही. त्यामुळे सुताराच्या घरात एक फळी नव्हती. कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधलेलं, त्याच दोऱ्याला गाडीची किल्ली. आईच्या औषधांच्या बाटल्या खुर्चीवर, म्हणून त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

खिळे ठोकायची सगळी हौस त्यानं गाडीवर भागवली. गाडी लीजवरची. दरमहा भाडं भरा, मुदत संपली की घेतली तशी परत करा. पण ती पांढरीफटक रिकामी व्हॅन दारात आली आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. उरल्यासुरल्या सागवानी पट्ट्यांची फडताळं केली, प्रत्येक पटाशीला तिची खाच, स्क्रूंना खण, गिऱ्हाइकांची दारं उभी न्यायला कापड लावलेली चौकट. सगळं पत्र्याला भोकं पाडून पक्कं केलेलं. न बघता हात मागे नेला तरी हवी तीच पटाशी हातात यायची. "गाडीत शिरलात की तुमचा चेहराच उजळतो," असं बायको म्हणायची, आणि त्यात थोडा सवतीमत्सर असायचा.

मुदत संपत आली तेव्हा त्यानं ते सगळं सोडवून जिन्याखाली रचलं आणि भोकं बुजवली. कशी, तर लाकडातली बुजवतात तशी! बारीक भुसा सरसात कालवून भरला, घासला, वर पांढरा रंग. इतकं सफाईदार की त्याची त्यालाच सापडेनात. पण पत्रा म्हणजे लाकूड नव्हे. आज सकाळी कंपनीचा तपासणीस आला. "काका, काय छान ठेवलीत हो!" म्हणत त्यानं आत सहज हात टेकला, आणि अंगठ्याखालची एक गोळी टुपकन पडली. मग गडी टिचक्या मारून एकेक पाडतच सुटला. प्रत्येक भोकाच्या कडेला गंज.

"दोनच वाटा आहेत, काका. भोकांची भरपाई द्या आणि दुसरी लीजवर न्या. नाहीतर हीच विकत घ्या. मग चाळणी केलीत तरी आम्ही विचारणार नाही. उद्या येतो, तेव्हा सांगा."

तेव्हापासून घरात हेच चाललं होतं.

"विकत घ्या म्हणजे विकत घ्या," बायको म्हणाली. "आपली गाडी, आपली भोकं."

"पहिली विकतचीच होती ना? गिऱ्हाइकाचं दार आत, गाडी भर चौकात मेलेली, आणि मी घामाघूम होऊन ढकलतोय! माझी होती तेव्हा मी तिचा नोकर होतो."

"आता कंपनीचे आहात! लीजमध्ये ठरलेल्यापेक्षा किलोमीटर वाढतील म्हणून नदीपलीकडची कामं सोडता. गाडी दारात, आणि आईंना दवाखान्यात नेता बसनं."

"बिघडली तर बदलून देतात."

"देतात, रिकामी! मग पुन्हा तुमचे हात शिवशिवणार."

"नाही पाडणार आता."

"मग पटाश्या कुठे ठेवणार? डोक्यावर?"

त्याला दिसलं ते. नवी कोरी गाडी, जमिनीवर गोणपाटात हत्यारांचा ढीग, आणि गिऱ्हाइकाच्या दारात गुडघे टेकून उपसणारा तो. आणि हीच ठेवायची म्हटलं, तर तिसऱ्या गिअरला ती हल्ली बारीक कण्हते. हे त्यानं तपासणिसाला सांगितलं नव्हतं, गाडी गुपचूप परत जावी म्हणून. बायकोला सांगितलं असतं तर भांडण इथेच मिटलं असतं. पण मग ती म्हणाली असती, जाऊ दे, घ्या दुसरी भाड्याची. आणि जिन्याखालचं सागवान सरपणाला गेलं असतं.

"किती वेळ त्या चहाकडे बघताय? साय धरली त्याच्यावर."

त्यानं बोटानं साय बाजूला केली.

ती समोर आली. आवाज खाली आला होता. "अहो, जन्मभर लोकांच्या होला हो केलंत. उद्या तो माणूस आला की तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. ही गाडी ठेवायची, की द्यायची?"

"अरे, बोल की!" आतून आई.

त्यानं खिडकीशी जाऊन दोऱ्याची गाठ सोडली. किल्ली हातात आली आणि कॅलेंडर खाली घसरलं. ते त्यानं उचलून खुर्चीवरच्या बाटल्यांना टेकवून ठेवलं, नीट, सरळ. मग चपला घालून तो दाराबाहेर पडला, आणि जिन्याखालचं एक सागवानी फडताळ उचलून गाडीकडे निघाला.