साबण कोणी लावला होता

माझा नातू अडीच वर्षांचा असताना शी करायला घाबरायचा. कळ आली की तो कूलरच्या मागे जाऊन भिंतीला चिकटून उभा राही. टाचा वर, पाय एकमेकांत अडकवलेले, तोंड लालबुंद. आम्हाला आधी वाटलं, जोर करतोय. तो जोर करत नव्हता, आत दाबून धरत होता. कळ ओसरली की घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि आम्हालाच समजावल्यासारखं म्हणायचा, "नाई आली."

त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, त्याला मागून साबण लावला आणि त्याचा धसका त्याने घेतला, असं आमच्या नात्यागोत्यात आजही सांगतात. ते खोटं आहे. साबण मी लावला होता.

मुलगा आणि सून अकोल्याला नोकरीला, आम्ही दोघं अमरावतीला. त्या उन्हाळ्यात त्यांचं पाळणाघर बंद होतं, म्हणून लेकरू आमच्याकडे होतं. बायको बहिणीकडे चांदूर बाजारला गेली होती. घरात मी आणि तो. चार-पाच दिवस त्याला शी झाली नव्हती, पोट टणक झालं होतं. दुधाशिवाय काही घेत नव्हता आणि सारखा कण्हत होता.

माझी आई अशा वेळी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लेकराच्या ढुंगणात सरकवायची. देठ नसला तर साबणाची बारीक कांडी. धाकट्या भावंडांचे पाय मीच धरत असे, त्यामुळे त्यात मला वावगं काही वाटलं नाही. पान घरात नव्हतं. कपडे धुण्याच्या वडीची कांडी कापली आणि त्याला गुडघ्यांत दाबून धरलं. "आबा, दुकते," तो म्हणाला. मी "झालं, झालं" म्हणत राहिलो. कांडी आत मोडली. मग तो जो ओरडला, तसं लेकराचं ओरडणं मी पुन्हा ऐकलं नाही. शी झाली. दगडासारखी, आणि वर रक्ताची रेघ. मी बादलीभर पाणी ओतून सगळं वाहून टाकलं.

बायको आल्यावर "झाली एकदाची" एवढंच सांगितलं.

त्यानंतर तो बसायलाच तयार होईना. सून त्याला अकोल्याला घेऊन गेली आणि काही दिवसांनी आम्हालाही बोलावलं. घरात कोणी अंथरुणाला खिळल्यासारखी कळा होती. लेकरू उठलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. सून त्याच्यासमोर फरशीवर बसून रडायची, "माह्या राजा, एकदा कर रे." तो तिचे डोळे पुसायचा, "कर्तो, कर्तो" म्हणायचा आणि पाय आवळून घ्यायचा. मग चड्डीला पातळ डाग लागायला लागले. बायको म्हणाली, "पोट बिघडलं त्याचं. बिस्कुटावर पोसून राहिली तू त्याले." तिने पोट बांधायला केळं आणि भात सुरू केला. आतला खडा हलत नव्हता, त्याच्या बाजूने पातळ झिरपत होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्याने खाणं सोडलं. गालफडं बसली.

शेवटी सगळे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "मागून काही घातलं होतं का कधी? देठ, साबण?"

"नाही," सून म्हणाली. "आमच्याकडे असलं कोणी करत नाही."

मी समोरच बसलो होतो. शेजारी बायको होती, मुलगा होता. मी काही बोललो नाही.

"मग मागून औषध देऊन एकदा मोकळं करू," डॉक्टर म्हणाले. नर्स हातमोजे चढवून आली. पोराने ते हात पाहिले आणि किंचाळला, "आबा, साबन नको! आबा, साबन नको!"

"अरे, आंघोळ नाही घालून राहिलो तुले," नर्स हसून म्हणाली.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग लेकराला नर्सच्या हातातून उचलून छातीशी धरलं. "मागून काही करू नका, डॉक्टर. साबण लावला होता त्याला."

"कोणी?"

"मी."

"शिकलेल्या ना तुम्ही?" डॉक्टर तिला खूप बोलले. बायकोने कपाळावर हात मारला. मुलाने मान फिरवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तोंडानं देता येईल असं काय आहे?"

पाण्यात मिसळायची पावडर मिळाली. शी इतकी मऊ ठेवायची की दुखणारच नाही. दूध कमी करायचं. बसवायची जबरदस्ती नाही, रागावणं नाही. डायपरमध्ये उभ्याने करतो म्हणाला तरी करू द्यायचं. महिनोन्‌महिने लागतील.

बाहेर गाड्यांपाशी ती मला हळूच म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं तर तिथंच भांडण लागलं असतं, मामाजी. मले आधी लेकरू मोकळं करायचं होतं. घरी तुमी सांगा."

"हो," म्हणालो.

सांगितलं नाही. अमरावतीच्या बसमध्ये बायको सुनेच्या नावाने शिव्या घालत होती, मी खिडकीबाहेर पाहत होतो. त्याच संध्याकाळी बायकोने सुनेच्या माहेरी फोन लावला.

औषध चालू झालं तरी पोराने मऊ शीही दाबून धरली. सून रोज फोनवर रडायची. बऱ्याच दिवसांनी एकदा त्याने पडद्यामागे उभ्या-उभ्या, तिची ओढणी मुठीत धरून, डायपरमध्ये केली. न रडता. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, दुकलं नाई." हे ती आम्हाला फोनवर सांगत होती. फोन आमच्या दोघांच्या मध्ये गादीवर होता, स्पीकर चालू. बायको म्हणाली, "झाली ना? आता नको लावजो साबन त्याले."

"नाही लावणार, आई," ती म्हणाली.

आता तो चौथीत आहे, त्याला काही आठवत नाही. गेल्या महिन्यात घरच्याच एका साक्षगंधात, साखरपुड्याच्या पंगतीत, कोणीतरी पुन्हा थट्टा केली, "हिच्यापासून साबन लपवून ठेवा रे!" ती हसली आणि वाढत पुढे गेली. मी अर्ध्या पानावरून उठलो. घरी येऊन हे लिहिलं आणि बायकोला वाचून दाखवलं.

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतले. "तिच्या मायले मी काय काय बोलली होती, मालूम आहे ना तुमाले? पोरीले हेच शिकवलं का, मनलं होतं."

मालूम होतं. तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"ते माउली त गेली आता. मी कोनाले सांगू?"



"सकाळच्या बसनं अकोल्याले चला," ती उठत म्हणाली. "आपल्या लेकाच्या तोंडावर सांगा. तुमच्याच्यानं होत नसन त मी सांगतो."