खाटेवरच राहू दिलं

"बोन मेटास्टेसिस," परळच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली. मी सातवी शिकलेला. म्हटलं, मराठीत सांगा.

"छातीतला कॅन्सर हाडांत उतरलाय, काका. बरा नाही होणार. आता पॅलिएटिव्ह केअर."

म्हणजे बरं करायचं नाही, पण दुखूही द्यायचं नाही.

माझ्या बायकोला, सुमनला, मी लालबागला, चाळीतल्या खोलीवर आणलं. नर्सबाई घरी यायच्या. मॉर्फिन, म्हणजे दुखणं दाबायचं औषध, कसं द्यायचं ते त्यांनीच शिकवलं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर ऐका. त्यांनी बांधून दिलेली वेळ चुकवू नका, कळ यायची वाट बघू नका. कूस बदलताना माणसाला ओढू नका, खालच्या चादरीसकट वळवा. हाडं ठिसूळ झालेली असतात. दुखलं की सुमन माझं मनगट पिरगाळायची.

शेवटच्या दिवशी श्वास अडखळायला लागला. तिचा थोरला भाऊ गावाहून आलेला.

"भावोजी, तिका भुंयेर घेवा. खाटेर गेली तर जीव खाटेकच चिकटतलो."

आमच्यात जाणाऱ्याला जमिनीवर घेतात. पण उचललं असतं तर ती किंचाळली असती. आणि तिने आधीच बजावलेलं, "मला हलवायचं नाही हां. भूत झाले तर तुम्हालाच धरीन, दुसऱ्याला कशाला?"

मी खाटेपुढे आडवा उभा राहिलो. ती खाटेवरच गेली. मेव्हणा तेराव्यालाही आला नाही.

तेव्हापासून खाट वाजते. मी खाली झोपतो, वर कुणी नाही, तरी कूस बदलल्यासारखी वाजते. भेटेल तो विचारतो, "खाली घेतलं नाहीत म्हणे?" खरंच अडकली असेल तर?

परवा एक पाहणीवाली मुलगी आली. देशभरात घरी किती आजारी माणसं सांभाळतात, नर्स येते का, औषध मिळतं का, ही माहिती गोळा करतायत.

"माणूस गेलं. आता काय मोजतेस?"

"गेलेल्यांचं कुणी विचारत नाही आजोबा, म्हणूनच." मग म्हणाली, "शेवटी त्यांना दुखत होतं का?"

इतक्या महिन्यांत सगळ्यांनी भुईचं विचारलं. हे कुणीच नाही.

"नाही," मी म्हटलं. "मनगट नुसतं धरून होती. पिरगाळलं नाही. लिही."

त्या नर्सबाईंचे उपकार आहेत. अशी बाई प्रत्येक घरी पोचो, एवढं त्या माहितीतून निघालं तरी पुरे.

खाट अजून वाजते. वाजली की खालूनच विचारतो, "काय गं, दुखत नाही ना?" आणि मनगट वर खाटेवर ठेवून देतो.